गाडी घेताना, गाडी विकताना



आमच्या घरी गेले तीन महिने एकच विषय होता. जेवताना गाडी, मंदिरातून येताना गाडी, नातवाचा व्हिडिओ कॉल आला तरी गाडी. आमची वॅगन-आर २०११ची. यंदाच्या फेब्रुवारीत तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे आरसीची मुदत संपणार. पुढे चालवायची तर आरटीओत तपासणी, फी, पर्यावरण कर असं सगळं करून पाच वर्षांची मुदत वाढवून घ्यावी लागते. तसं करता आलं असतं, आणि माझ्या मनात तसंच होतं.

पण डिसेंबरात पेठ-सांगली रस्त्यावर दिवेलागणीच्या वेळी पुढे उसाची ट्रॉली होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. यांनी ब्रेक मारला आणि गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. उसाचे शेंडे बॉनेटवर आले होते. मागच्या सीटवर सासूबाई होत्या, वय ८६. त्यांनी फक्त णमोकार म्हटला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुण्याहून मुलाचा फोन. "आई, त्या गाडीत एकही एअरबॅग नाही, माहीत आहे ना तुला? आता ती पाच वर्षं वाढवायची नाही."

मग गाडी बदलायची हे ठरलं, आणि कोणती यावर रामायण सुरू झालं. मुलगा म्हणाला कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्या. मला आधी ते श्रीमंती चोचले वाटले. पण विचार केल्यावर पटलं. आमच्या शेताकडच्या रस्त्यावर वॅगन-आर पाच माणसं बसली की खाली घासते. विहाराच्या वेळी आम्ही चार-पाच जणी चौक्याचं सामान घेऊन पुढच्या गावी जातो, तेव्हा शेगडी, पाणी गाळायची भांडी, सोवळ्याचे कपडे, पिठाचे डबे हे सगळं मांडीवर घेऊन बसावं लागतं. तुमच्यापैकी ज्या चौका करतात त्यांना हे वेगळं सांगायला नको. वॅगन-आरची डिकी १८० लिटरची. नेक्सॉनची ३८२. लिटरमध्ये डिकी मोजतात हे मला या निमित्ताने कळलं.

आता खरी अडचण. २०१६च्या चातुर्मासात मी माताजींच्या समोर परिग्रहाचं परिमाण केलं होतं. माझी एक दोनशे पानी वही आहे, त्यात सगळं लिहिलेलं आहे. घरं किती, सोनं किती, साड्या किती. त्यात एक ओळ: "वाहन : दुचाकी एक, चारचाकी एक, चारचाकीची किंमत ८ लाखांपर्यंत." तेव्हा आठ लाख लिहिताना मीच लाजले होते, एवढ्या किमतीची गाडी आपण कधी घेणार आहोत म्हणून. माणसाला पुढची महागाई दिसत नाही हे खरं.

मुलाने लगेच तोड काढली. "माझ्या नावावर घेऊ. तुझ्या वहीत येणारच नाही."

"अरे, नाव तुझं, पण बसणार कोण?"

"तू."

"मग?"

तो हसला. त्याच्या बाबांनी व्रत घेतलेलं नाही, तेव्हा त्यांच्या नावावर कितीचीही घेता येते, हाही मुद्दा निघाला. मी म्हटलं, तुम्ही घ्या बारा लाखांची, मी एसटीने येईन. यावर विषय मिटला. आठ लाखांच्या आत काय बसतं ते बघायचं, असं ठरलं.

तरी नव्या गाड्या बघायला गेलोच. निदान माहिती तरी होईल. सांगलीतल्या दोन शोरूम आणि कोल्हापूरची एक. तिन्ही ठिकाणी सेल्समन यांच्याशी बोलायचे आणि मला पाणी हवं का विचारायचे. एकाने मोठ्या कौतुकाने दार उघडून सांगितलं, "मॅडम, सीट प्युअर लेदर आहे." मी बसलेली होते, ती तशीच उठले. त्या बिचाऱ्याला कळेना काय झालं. मी म्हटलं, बाळा, आम्ही जैन, कातड्यावर बसत नाही. मग त्याने घाईघाईने माहितीपत्रक काढलं. त्यात बारीक अक्षरात लेदरेट लिहिलं होतं, म्हणजे रेक्झिनसारखं कृत्रिम. तेव्हा मैत्रिणींनो, तोंडी ऐकून उठूही नका आणि बसूही नका, माहितीपत्रकात काय लिहिलंय ते वाचा, आणि स्टिअरिंगचं कव्हर व गिअरची मूठ यांचं वेगळं विचारा. सीट कापडी असते आणि स्टिअरिंगला मात्र लेदर लिहिलेलं असतं, असं होतं. खालच्या मॉडेलमध्ये सगळं साधं कापडी मिळतं आणि पैसेही वाचतात. सनरूफचा आग्रह सुनेचा होता. सांगलीच्या मे महिन्यात छत उघडून बसायचं कुणी, हे मी तिला प्रेमाने विचारलं.

सासूबाईंना आम्ही प्रत्येक ठिकाणी बरोबर नेलं. मुलाला वाटत होतं आजीला त्रास कशाला, पण गाडी मुख्यतः त्यांच्यासाठी होती. गुडघे वाकत नाहीत. फार खाली असलेल्या सीटवरून त्यांना उठता येत नाही आणि फार उंच सीटवर चढता येत नाही. मी पर्समध्ये शिवणाची टेप घेऊन गेले होते. जमिनीपासून सीटपर्यंत साधारण २५-२६ इंच असेल तर त्या आधी आडव्या बसून मग पाय आत घेऊ शकतात. एका गाडीत मात्र त्यांना स्टुल लागला असता. सेल्समन म्हणाला, "साइड-स्टेप बसवून देतो, आजी." सासूबाई म्हणाल्या, "मला पायरी चढता येत असती तर मी बाहुबलीचा डोंगर चढले असते, गाडी कशाला घेतली असती?"

आता थोडा हिशोब. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी बी.कॉम. केलं, त्याचा उपयोग आजवर भिशीच्या वहीपुरता झाला, तो इथे झाला.

गेल्या वर्षी २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला हे तुम्ही ऐकलं असेल. गाडी चार मीटरच्या आत हवी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत हवं. या दोन्ही अटी पाळल्या तर १८ टक्के. एक जरी मोडली तर ४० टक्के. नेक्सॉन ३९९५ मिलिमीटर, पेट्रोल इंजिन ११९९ सीसी, म्हणून तिला १८. पूर्वी सेस धरून २९ होते. ब्रेझाही ३९९५ मिलिमीटर, पण इंजिन १४६२ सीसी, म्हणून तिला ४०. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर लांबीत फरक नाही आणि करात २२ टक्क्यांचा फरक. शोरूममध्ये हे कुणी आपणहून सांगत नाही. गाडीची किंमत करासकटच लिहिलेली असते.

आम्हाला नेक्सॉनच्या मधल्या मॉडेलचं कोटेशन मिळालं ते रस्त्यावर येईपर्यंत १० लाख ४० हजार. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर विमा, नोंदणी. हा रोड टॅक्स आपण पंधरा वर्षांचा एकदम भरतो, आणि गाडी तिसऱ्या वर्षी विकली तरी परत मिळत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याला तो पहिल्या मालकाकडून फुकट मिळतो म्हणायचा.

घसारा तर विमा कंपन्यांच्या तक्त्यातच दिसतो. सहा महिने ते एक वर्ष १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. म्हणजे नव्या गाडीचा वास जाईपर्यंत दीड लाख गेलेले असतात. कर्ज काढणार असाल तर मात्र उलट बाजू आहे. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज जास्त पडतं. आम्हाला नवीसाठी ९ टक्के आणि जुनीसाठी १३ टक्के दर सांगितला. पाच लाख पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याच्या हप्त्यात साधारण हजार रुपयांचा फरक, पाच वर्षांत साठ हजार. आम्हाला कर्ज काढायचं नव्हतं, सासूबाईंनी निक्षून सांगितलं होतं. पण ज्या काढतील त्यांनी हे साठ हजार जुनीच्या किमतीत धरूनच तुलना करावी.

आणि एक हिशोब कुठल्याच तक्त्यात नसतो. यांचं वय ६८. पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं. हे अजून किती वर्षं गाडी चालवणार? मी विचारलं तेव्हा आधी रागावले, मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "सात. फार तर आठ." मग पंधरा वर्षांची गाडी नवी कोरी घ्यायची कशाला? इथेच जुनीचं नक्की झालं. व्रतामुळे झालं म्हणू की हिशोबामुळे, दोन्ही एका जागी येऊन थांबले.

जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र मला पहिल्याच दिवशी घाम फुटला. एका डीलरकडे २०१८ची डिझेल एसयूव्ही होती. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. पांढरी शुभ्र, ४६ हजार किलोमीटर, पहिला मालक, किंमत साडेसहा लाख. वहीत आरामात बसणारी. हे खूश झाले. आमच्या गॅरेजचा मेकॅनिक बरोबर होता. वॅगन-आर पंधरा वर्षं त्यानेच सांभाळली. तो इंजिन बघत होता. मला म्हणाला, "काकू, तुम्ही मागे बसा आणि सीटबेल्ट पूर्ण ओढा. शेवटपर्यंत."

मी ओढला. पट्टा येत गेला, येत गेला, आणि अगदी शेवटच्या वीतभर भागावर एक तपकिरी रेघ. बोटाने घासली तर बोटाला बारीक माती.

पट्ट्याचा तो भाग खांबाच्या आत गुंडाळलेला असतो. गाडी धुतली, सीट बदलल्या, पॉलिश केलं, तरी तिथे कुणाचा हात पोचत नाही. मेकॅनिकने डिकीतली स्टेपनी उचलली. तिच्या खालच्या खळग्यात कोपऱ्याला तीच माती, वाळून चिकटलेली. त्याने सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या. जुलै २०१९पर्यंत नियमित होत्या. त्यानंतरची नोंद एकदम फेब्रुवारी २०२०ची.

आम्हा सांगलीकरांना ऑगस्ट २०१९ सांगायला लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आणि तो वास. गाडीची दारं बंद केली तेव्हा सुगंधी फवाऱ्याच्या खालून मला तो वास आला. पूर ओसरल्यावर घरात शिरलं की येतो तो. ज्यांनी घेतलाय त्यांना तो आयुष्यभर ओळखता येतो.

मी डीलरला म्हटलं, ही पुरातली गाडी आहे. तो म्हणाला, "नाही हो मॅडम, पुण्याची गाडी आहे." मी पट्टा दाखवला. तो म्हणाला, "सात वर्षं चालली की. चालत नसती तर गोष्ट वेगळी." मी इतकी चिडले की येताना गाडीत तासभर बोलत होते. लोक किती खोटं बोलतात, पुरात भिजलेली वायरिंग कधी दगा देईल सांगता येत नाही, ब्रेकच्या सेन्सरमध्ये गंज चढला असेल तर एखाद्या दिवशी जीव जाईल, या माणसाला रात्री झोप कशी येते. हे काहीच बोलत नव्हते. मला वाटलं तेही चिडलेत.

त्याच आठवड्यात आमची वॅगन-आर बघायला एक मुलगा आला होता. मिरज तालुक्यातल्या एका गावचा, दूध संकलनाचं काम करतो, लग्नाला दोन वर्षं झालेली. बायकोला सातवा महिना. तिला दवाखान्यात न्यायला-आणायला गाडी हवी होती. त्याने गाडी फिरवून पाहिली, आवडली. नोंदणीची मुदत आम्हीच वाढवून द्यायची आणि किंमत १ लाख ३५ हजार, असं ठरत आलं होतं. जाताना त्याने यांना विचारलं, "सर, गाडीला काही झालेलं नाही ना?"

हे म्हणाले, "अपघात एकही नाही. पंधरा वर्षांत एकही."

खरंच एकही नव्हता. मी त्याला चहा देत होते. मीही म्हटलं, "हो, एकही नाही."

आता तुम्हाला ऑगस्ट २०१९ची आमची गोष्ट सांगते. पाणी चढायला लागलं तेव्हा यांनी गाडी गल्लीच्या वरच्या तोंडाला नेऊन लावली. २००५च्या पुरात पाणी तिथवर आलं नव्हतं, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सगळी सांगलीच २००५च्या खुणेवर भरवसा ठेवून बसली होती. आम्ही सासूबाईंना घेऊन मिरजेला नणंदेकडे गेलो. परत आलो तेव्हा गाडीच्या सीटवर गाळ होता. यांनी शहाणपण एवढंच केलं की चावी फिरवली नाही. पाण्यात राहिलेली गाडी सुरू करायला गेलं आणि इंजिन गेलं तर साध्या विम्यात ते बसत नाही. गाडी ओढून नेली. सीटची कव्हरं, कार्पेट, वायरिंगचा एक भाग, सगळं बदललं. विम्याचे पैसे आले. नंतर ती साडेसहा वर्षं चालली, आणि मी पुराचं विसरून गेले. खरं म्हणजे विसरले नव्हते. चहा देताना मला ते आठवलं होतं. आठवलं, आणि मी कप पुढे केला.

डीलरकडून आलो त्या संध्याकाळी सामायिकाला बसले. आलोचना पाठ म्हणत होते आणि शब्द पुढे जाईनात. दशलक्षणात आपण दरवर्षी तत्त्वार्थसूत्राचे दहा दिवसांत दहा अध्याय ऐकतो. सातव्या अध्यायात अचौर्याचे पाच अतिचार येतात, त्यातला शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. पंडितजी दरवर्षी दुधात पाण्याचं उदाहरण देतात. मला दरवर्षी वाटायचं, हे दुकानदारांसाठी आहे, आपण घरातल्या बायका कुठे काय विकतो?

मी उठले, मोबाइलची बॅटरी घेऊन खाली गेले. वॅगन-आरचं मागचं दार उघडलं आणि पट्टा ओढला. शेवटपर्यंत.

रेघ होती. तशीच, वीतभर आधी.

वर येऊन यांना सांगितलं. त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणजे रेघ नव्हे, पण डीलरकडे मी बडबडत असताना त्यांच्या मनात तेच चाललं होतं. तरी म्हणाले, "अगं, आपल्या गाडीत आणि त्याच्या गाडीत फरक आहे. आपण लगेच दुरुस्त केली. सात वर्षं आपणच वापरली."

"तोही हेच म्हणाला."

"आता सांगितलं तर तीस हजार कमी येतील. त्या पैशांवर आपली नवी गाडी बसते आहे."

हेही खरं होतं. एफडी मोडून सहा लाख आणि बाकीचे या गाडीचे व घरात साठवलेले, असा आमचा मेळ होता. आमचं भांडण झालं असं नाही म्हणणार, पण जेवण काही सुखाचं झालं नाही, आणि आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण होतं म्हणजे पुढे सगळी लांब संध्याकाळ तशीच पडलेली. हे आयुष्यभर शिक्षक होते. कॉपी करताना सापडलेल्या मुलांची किती प्रकरणं त्यांनी घरी सांगितली आहेत. मी त्याची आठवण दिली नाही. नवरा-बायकोत काही गोष्टी न बोललेल्या बऱ्या. सासूबाई आपल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "त्याच्या बायकोला सातवा महिना आहे ना रे?"

सकाळी अभिषेक करून आल्यावर हेच म्हणाले, "फोन लाव."

मी लावला. सगळं सांगितलं. कधी, किती पाणी, काय बदललं, काय नाही बदललं. बिलांची फाइल आहे, बघायला ये म्हटलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "काकू, काल का नाही सांगितलं?" मला उत्तर सुचलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हटलं.

त्याने गाडी घेतली नाही. सासऱ्यांनी नको म्हटलं म्हणून कळवलं. बरोबरच केलं त्याने, माझी मुलगी असती तर मीही नको म्हटलं असतं.

गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली. दोघे येऊन गेले. मी दारातच पुराचं सांगायचे, आणि ते चहा न घेता जायचे. शेवटी आमच्या मेकॅनिकनेच आपल्या मेहुण्यासाठी घेतली, १ लाख ५ हजारांना. त्याला गाडीचा प्रत्येक स्क्रू माहीत होता. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घेतली. ती जरूर घ्यावी, नाहीतर गाडी त्यांच्याकडे आणि सिग्नल तोडल्याचं चलन आपल्या मोबाइलवर. यांनी त्या पावतीवर आपणहून एक ओळ वाढवली: "ऑगस्ट २०१९च्या पुरात गाडी सीटपर्यंत पाण्यात होती, हे सांगून विकली." अक्षर अगदी फळ्यावर लिहितात तसं.

आमची गाडी आता सांगते. कोल्हापूरच्या एका गृहस्थांची नेक्सॉन, डिसेंबर २०२३ची, पेट्रोल, २३ हजार किलोमीटर. मुलाची बदली बंगळूरला झाली म्हणून विकत होते. सहा एअरबॅग, सीट साध्या कापडी, सनरूफ नाही. साडेसात लाख. त्यांच्यावर कर्ज बाकी होतं, ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्यावरच आम्ही उरलेले पैसे दिले. व्यक्तीकडून व्यक्तीने घेतली म्हणून जीएसटीचा प्रश्नच नाही. डीलरकडून घेतली तरी त्याच्या नफ्याच्या रकमेवरच तो लागतो. विमा आपल्या नावावर चौदा दिवसांत करून घ्यायचा असतो. आणि नो-क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो हे मला नव्याने कळलं. वॅगन-आरवर यांचा साठलेला बोनस या गाडीला लावून मिळाला, त्यात बरेच पैसे सुटले. सगळं मिळून ७ लाख ८४ हजार झाले. ट्रान्सफरचा आणि विम्याचा खर्च किमतीत धरायचा की नाही, वहीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी धरला. वॅगन-आरचे तीस हजार कमी आले म्हणून माझी भिशी लागली ती त्यात घातली आणि नातवाच्या वाढदिवसाला येणाऱ्या सायकलचं दिवाळीवर ढकललं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

घेण्याआधी तिचे पाचही पट्टे मी शेवटपर्यंत ओढून पाहिले. ते गृहस्थ बघत होते, त्यांना वाटलं असेल बाईंचं डोकं फिरलंय. पट्टे स्वच्छ होते. मग त्यांनीच सांगितलं, डाव्या मागच्या दारावर खांबाला घासून पोचा आला होता, तो रंगवून घेतलाय, उन्हात नीट पाहिलं तर फरक दिसतो. आम्ही पाहिला तेव्हा दिसला नव्हता.

परवा पहिल्यांदा कुंभोजच्या बाहुबलीला जाऊन आलो. सासूबाई आडव्या बसल्या, पाय आत घेतले, पट्टा मी लावून दिला. येताना दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं. हातकणंगल्याच्या पुढे एक उसाची ट्रॉली लागली, मागे लाल कापड बांधलेलं. यांनी बरंच अंतर ठेवून गाडी मागेमागे चालवली. सासूबाई म्हणाल्या, "घाई नको रे."